कार्डावरच्या लाल स्टिकरमागे

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची रांग लागते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झालं, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी, शुगर, पोटावरून तपासणी, आणि शेवटी माता-बाल संरक्षण कार्डावर एक रंगीत स्टिकर. हिरवा म्हणजे सगळं ठीक. लाल म्हणजे जोखमीची माता. गरोदरपणात बीपी चढलं असेल तर निळा. मधुमेह किंवा थायरॉइडसारखं जोडीचं दुखणं असेल तर पिवळा.

कुणाचं बाळंतपण अवघड जाणार हे आधी ओळखता येतं, असं या स्टिकरमागचं गृहीतक आहे. ते वाटतं तितकं जुनं नाही, आणि तितकं पक्कंही नाही. वैद्यकशास्त्राने ते एकदा मनापासून स्वीकारलं, मग जवळजवळ टाकून दिलं, आणि गेल्या वीसेक वर्षांत पुन्हा उचललं. ही सगळी ओढाताण एकाच आजाराच्या गोष्टीत स्वच्छ दिसते, म्हणून इथे मुख्यतः तीच सांगतो.

तो आजार म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया. साधारण विसाव्या आठवड्यानंतर बीपी वाढतं, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, हातापायांवर, चेहऱ्यावर सूज येते, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. पुढची पायरी झटक्यांची, म्हणजे एक्लॅम्पसियाची. ग्रीक भाषेत या शब्दाच्या मुळाशी विजेची चमक आहे. ध्यानीमनी नसताना कोसळणारा आजार, असाच त्याचा लौकिक होता.

ती वीज पडण्याआधीची पहिली खूण लघवीत सापडली. लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट यांनी मूत्रपिंडाच्या विकारात लघवी तापवली की ती गढुळते हे आधीच दाखवलं होतं. त्याच रुग्णालयातले जॉन लीव्हर यांनी १८४३ साली झटके आलेल्या बाळंतिणींची लघवी तशीच तापवून पाहिली, आणि बहुतेकींच्या लघवीत अल्ब्युमिन नावाचं प्रथिन निघालं. त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली, जी मला जास्त मोलाची वाटते: बाळंतपण झालं की हे अल्ब्युमिन ओसरतं. म्हणजे हा नेहमीचा मूत्रपिंडाचा आजार नव्हे, गरोदरपणाचाच काहीतरी आहे. परीक्षानळी दिव्यावर धरून लघवी तापवायची ही रीत आपल्याकडच्या उपकेंद्रांतल्या नर्सबाईंनी लघवीत बुडवायच्या तपासणी-पट्ट्या येईपर्यंत चालवली. एवढं आयुष्य फार थोड्या तपासण्यांना लाभतं.

दुसरी खूण मिळायला अर्धं शतक गेलं, कारण मोजायचं यंत्रच नव्हतं. इटलीत रिवा-रोच्ची यांनी १८९६ साली दंडाला पट्टा बांधून पाऱ्यावर रक्तदाब मोजायची युक्ती काढली, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये व्हाकेझ आणि नोबेकूर यांनी एक्लॅम्पसियाच्या रुग्णांत हा दाब चढलेला असतो हे दाखवलं. दाब आणि लघवी, एवढ्या दोन खुणांवर हा आजार पुढची शंभर वर्षं ओळखला गेला. कारण मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. रक्तात कसलंसं विष भिनतं अशी समजूत होती, म्हणून नाव पडलं टॉक्सिमिया. ते विष काही कुणाला सापडलं नाही, पण जुन्या केसपेपरांवर हे नाव बरीच वर्षं टिकून राहिलं.

खुणा हाती आल्या तरी त्या पाहायच्या कधी? बाई दवाखान्यात यायची ती कळा सुरू झाल्यावर, तीही अडली तरच. एडिंबरोचे जॉन बॅलंटाइन यांनी १९०१ मध्ये प्रसूतीआधीच्या काळजीसाठी वेगळं रुग्णालय हवं अशी लेखी मागणी केली. सुरुवातीला पदरात पडली एक खाट. पुढे बाह्यरुग्ण विभाग निघाले, आणि १९२९ साली ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने भेटींचं वेळापत्रकच ठरवून दिलं: १६, २४ आणि २८ व्या आठवड्यात एकेकदा, मग छत्तीसाव्यापर्यंत दर पंधरवड्याला, त्यानंतर दर आठवड्याला. या आकड्यांमागे अमुक आठवडाच का, याचा काही अभ्यास नव्हता. गरोदरपणाच्या अखेरीला धोका वाढतो, म्हणून भेटीही अखेरीला दाट, एवढंच तर्कशास्त्र. तरी जगभर, आपल्याकडेही, हाच साचा दशकानुदशकं चालला.

मुंबईत या प्रश्नाला हात घालणाऱ्यांत डॉ. जेरुशा झिराड यांचं नाव आधी घ्यावं लागेल. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजातल्या या बाई लंडनहून एम.डी. होऊन आल्या आणि कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. मुंबई शहरात बाळंतिणी कशाने मरतात याची त्यांनी केलेली चौकशी १९४१ साली अहवालरूपाने प्रसिद्ध झाली. पुढचं ओळखायचं तर आधी झालेले मृत्यू एकेक करून तपासावे लागतात. आज प्रत्येक मातामृत्यूचं अन्वेषण करायची जी पद्धत आहे, तिचं हे आपल्याच शहरातलं पूर्वरूप.

मग १९७० चं दशक आलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७८ साली जोखमीवर आधारित माता-बाल आरोग्याची कल्पना मांडली. डॉक्टर थोडे, खाटा थोड्या, पैसा थोडा. तेव्हा सगळ्यांवर सारखा खर्च करण्याऐवजी जोखमीच्या बायका निवडून त्यांनाच वरच्या रुग्णालयात पाठवा. उंची १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी, पहिलटकरीण आणि वय जास्त, चारपेक्षा जास्त बाळंतपणं, आधीचं सिझेरियन, रक्त कमी अशी यादी करा, खुणा करा. ऐकायला अगदी शहाणपणाचं. आपल्या कार्डांवरचे रकाने याच विचारातून आले.

आणि हा विचार पुरता फसला. आफ्रिकेतल्या तेव्हाच्या झाईरमधल्या (आजचं काँगो) कासोंगो इथल्या अभ्यासाचे आकडे १९८४ मध्ये छापून आले. ज्या बायकांचं बाळंतपण प्रत्यक्षात अडलं, त्यांतल्या ७१ टक्के जोखमीच्या यादीत नव्हत्याच. आणि ज्या यादीत होत्या, त्यांतल्या ९० टक्के सुखरूप मोकळ्या झाल्या.

यात नर्सबाईंची चूक नाही, हिशेबाची आहे. समजा हजार गरोदर बायका आहेत. त्यांतल्या शंभर जोखमीच्या ठरल्या आणि त्यांच्यात गुंतागुंतीचं प्रमाण २० टक्के आहे. उरलेल्या नऊशेंत ते फक्त ५ टक्के. तर यादीतल्या २० जणींना त्रास होणार, यादीबाहेरच्या ४५ जणींना. धोका यादीत जास्त, पण माणसं यादीबाहेर जास्त. हे एकदा लक्षात आलं की "हिरवा स्टिकर आहे, आता काळजी नाही" हे वाक्य ऐकून अंगावर काटा येतो.

गडचिरोलीत राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ३९ गावांतल्या ७७२ बायकांची घरी झालेली बाळंतपणं आणि त्यानंतरचे दिवस नोंदवले. निम्म्याहून अधिक बायकांना काही ना काही त्रास झाला, आणि त्यातला बराचसा बाळंतपणानंतरचा, म्हणजे गरोदरपणातल्या तपासण्या संपल्यावरचा.

अमेरिकेतले सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक ॲलन रोझेनफील्ड आणि डेबोरा मेन यांनी १९८५ मध्ये विचारलं की माता-बाल आरोग्यात माता आहे कुठे? मग सगळा भर फिरला. प्रत्येक गरोदरपण जोखमीचंच धरा. भाकीत सोडा, तयारी करा. रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, सिझेरियनची सोय, गाडी. झटके थांबवायला मॅग्नेशियम सल्फेट हेच औषध सरस, हे १९९५ च्या मोठ्या चाचणीने ठरवलं, आणि प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या बाईला ते आधीच दिलं तर झटक्यांचा धोका निम्म्याने कमी होतो हे २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांत दिसलं. आपली जननी सुरक्षा योजना (२००५) आणि १०८ ची गाडी ही याच वळणाची लेकरं. २०१८-२० च्या आकडेवारीत देशात लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू होते, महाराष्ट्रात ३३. हा उतार दवाखान्यातल्या बाळंतपणांशिवाय शक्य नव्हता, असं माझं मत आहे.

भाकिताची हौस मात्र संशोधकांना सोडवत नव्हती. १९७४ मध्ये अमेरिकेत गँट यांनी सुचवलं की बाईला कुशीवरून उताणं करा आणि खालचं बीपी २० ने वाढतं का पाहा. कुणी युरिक ॲसिड मोजलं, कुणी वजनावर डोळा ठेवला, ऐंशीच्या दशकात गर्भाशयाच्या रक्तवाहिनीचा डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह पाहणारी सोनोग्राफी, आला. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आढाव्याने सगळ्यांवर एकदम काट मारली: उपयोगी पडेल अशी एकही चाचणी नाही.

गंमत अशी, की उत्तर तोवर बॉस्टनमध्ये छापून झालं होतं. आजाराचं मूळ वारेत (प्लॅसेंटात) आहे हे आधीच उमगलेलं होतं. वार गर्भाशयाच्या भिंतीत नीट रुजत नाही, तिला रक्त कमी पडतं. भारतीय वंशाचे अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की अशी वार एसफ्लिट-१ नावाचं प्रथिन रक्तात भरमसाट सोडते, आणि ते वारेच्या व रक्तवाहिन्यांच्या वाढीला लागणारे घटक पकडून निकामी करतं. गाभण उंदरांना हे प्रथिन दिलं तर त्यांचं बीपी चढलं आणि लघवीत प्रथिनं आली. रक्तातलं हे प्रमाण लक्षणं दिसायच्या काही आठवडे आधीच बिघडतं. शंभर वर्षं शोधलेलं 'विष' म्हणावं तर हेच.

त्यावरून चाचणी निघाली. २०१६ च्या अभ्यासात या प्रथिनाचं पीएलजीएफ या वारेच्या वाढीच्या घटकाशी गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असेल तर पुढच्या आठवड्यात हा आजार होणार नाही, हे ९९ टक्क्यांहून अधिक वेळा खरं ठरलं. इथे भाकीत 'होईल' असं नाही, 'होणार नाही' असं आहे. आजाराचा संशय असलेल्या बाईला घरी पाठवायचं की ठेवून घ्यायचं, हा डॉक्टरांचा रोजचा पेच त्याने सुटतो.

खरी उलथापालथ साध्या ॲस्पिरिनने केली. १९७९ पासून तिच्याबद्दल कुजबुज होती. १९९४ मध्ये छापून आलेल्या नऊ हजारांवर बायकांच्या चाचणीत रोज ६० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, फारसं काही हाती लागलं नाही, आणि विषय मागे पडला. चुकलं होतं ते दोन ठिकाणी: मात्रा तोकडी, आणि बऱ्याच जणींत सुरुवात उशिरा. लंडनचे डॉक्टर किप्रोस निकोलाइडीस २०११ पासून सांगत होते की १९२९ चं वेळापत्रकच उलटं करा. मोठी तपासणी अखेरीला नको, ११ ते १३ व्या आठवड्यात करा. आईची माहिती, बीपी, डॉपलर आणि रक्तातले घटक एकत्र करून जोखीम काढायची, आणि जिची जास्त निघेल तिला रोज रात्री झोपताना १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, छत्तीसाव्या आठवड्यापर्यंत. २०१७ साली या पद्धतीच्या चाचणीचा निकाल आला. ३७ आठवड्यांआधी बाळंतपण करावं लागणारा प्रीएक्लॅम्पसिया औषध न मिळालेल्या गटात ४.३ टक्के, मिळालेल्यांत १.६. भाकिताच्या पुढे करण्याजोगं काहीतरी पहिल्यांदाच आलं होतं, आणि तेही औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळणारं.

चाचणी बाईच्या पायांना झेपेल अशी हवी, हे मात्र आपल्याकडून शिकावं. मधुमेहाचंच पाहा. बॉस्टनच्या ओ'सुलिव्हन यांचे १९६४ चे निकष आईला पुढे आयुष्यात मधुमेह होईल का यावर बेतलेले होते, बाळाचा त्यात विचारच नव्हता. शिवाय उपाशीपोटी या, पुन्हा या. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी हा हट्ट सोडला: बाई जेवून आली असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज द्या, दोन तासांनी एकदाच रक्त घ्या, साखर १४० किंवा त्याहून वर गेली की गरोदरपणातला मधुमेह. तज्ज्ञांचे वाद अजून चालू आहेत, पण लांबून एसटीने आलेल्या बाईला 'उद्या उपाशी या' म्हटलं की ती येत नाही, हे ज्याने बाह्यरुग्ण विभाग पाहिला आहे त्याला सांगावं लागत नाही.

आता पुन्हा ९ तारखेकडे. २०२२ पासून जोखमीच्या मातेचा माग बाळंतपणानंतर पंचेचाळीसाव्या दिवसापर्यंत ठेवायचा असं ठरलं आहे, आशाताईंना त्याचा मोबदलाही आहे. कासोंगो आणि गडचिरोलीचा धडा कुठेतरी पोचला म्हणायचा. पण या अभियानाची मूळ आखणी चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी आहे, आणि ॲस्पिरिन सोळाव्या आठवड्याआधी सुरू झाली तर तिचा खरा उपयोग. उपकेंद्रात बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा असा आग्रह असतो. तरी २०१७ च्या मातृवंदना योजनेच्या मूळ नियमात 'लवकर नोंदणी' म्हणजे शेवटच्या पाळीपासून १५० दिवसांच्या आत, म्हणजे एकविसावा आठवडा उलटला तरी चालेल. आणि घरोघरी तर अजूनही सासूबाई सांगतात, तीन महिने पुरे होईस्तोवर कुणाकडे बोलू नकोस.