दक्षिण आफ्रिकी सीमाशुल्क संघ (साकू)

बोट्स्वाना, एस्वातिनी (२०१८ पर्यंत स्वाझीलँड), लेसोथो, नामिबिया व दक्षिण आफ्रिका या पाच देशांचा हा संघ आहे. सदस्यांमधील मालाच्या व्यापारावर सर्वसाधारणपणे जकात नसते, बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वत्र एकच दर लागतो आणि जमा झालेला महसूल समाईक निधीतून वाटला जातो. संघाचे सचिवालय नामिबियाची राजधानी विंडहुक येथे आहे.

संघाचा प्रारंभ नेमका केव्हापासून धरावा, याविषयी मतभेद आहेत. केप वसाहत आणि ऑरेंज फ्री स्टेट हे बोअरांचे (डच वंशाच्या वसाहतकऱ्यांचे) प्रजासत्ताक यांच्यात १८८९ मध्ये झालेल्या करारापासून काही अभ्यासक गणना करतात. बासुटोलँड (आजचा लेसोथो) व बेचुआनालँड (आजचा बोट्स्वाना) हे ब्रिटिश अंमलाखालील प्रदेश त्यात लवकरच आले आणि १९०३ मध्ये त्याची व्याप्ती आणखी वाढली. इतर अभ्यासक दक्षिण आफ्रिका संघराज्य आणि बासुटोलँड, बेचुआनालँड व स्वाझीलँड यांच्यातील २९ जून १९१० चा करार हाच आरंभ मानतात. आजची सदस्यरचना मूलतः याच करारातून आलेली असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कोणतेही वर्ष धरले, तरी आज अस्तित्वात असलेल्या सीमाशुल्क संघांत हा सर्वांत जुना ठरतो.

महसुलाची वाटणी हा संघाचा खरा इतिहास होय. १९१० च्या करारात दक्षिण आफ्रिकेला सुमारे ९८.७ टक्के आणि तिन्ही प्रदेशांना मिळून जेमतेम १.३ टक्के हिस्सा मिळाला. हे प्रदेश पुढेमागे संघराज्यात विलीन होतील, अशी तेव्हा अपेक्षा होती. ती फोल ठरली, पण हे प्रमाण १९६० च्या दशकापर्यंत जवळजवळ तसेच राहिले. तिन्ही प्रदेश स्वतंत्र झाल्यावर ११ डिसेंबर १९६९ रोजी नवा करार झाला. त्यातील सूत्राने छोट्या सदस्यांचा हिस्सा १.४२ या गुणकाने वाढवला. संरक्षक जकातीमुळे चढणाऱ्या किमती, दक्षिण आफ्रिकेत एकवटणारे उद्योग आणि स्वतःचे करधोरण ठरवण्याचा गमावलेला अधिकार यांची ती भरपाई होती. पैसे मात्र सुमारे दोन वर्षांच्या विलंबाने हाती येत आणि जकातीचे दर दक्षिण आफ्रिकेच्या राजधानीत, प्रिटोरियातच ठरत. नामिबिया १९९० मध्ये सदस्य झाला.

सध्याचा करार २००२ मध्ये झाला व २००४ मध्ये अंमलात आला. त्यानुसार प्रत्येक देशाला सीमाशुल्काचा वाटा त्याने अन्य सदस्यांकडून केलेल्या आयातीच्या प्रमाणात मिळतो. उत्पादन शुल्काच्या ८५ टक्क्यांची वाटणी स्थूल देशांतर्गत उत्पादनानुसार होते आणि उरलेले १५ टक्के विकास घटक म्हणून दरडोई उत्पन्न कमी असलेल्या देशांकडे झुकते ठेवून दिले जातात. परिणामी, जो देश शेजाऱ्यांकडून अधिक खरेदी करतो त्याला अधिक महसूल मिळतो, ही या सूत्राची विचित्र बाजू आहे. लेसोथो व एस्वातिनी यांच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग याच निधीतून येत असल्याने आयात घटली की त्यांचे अंदाजपत्रक डळमळते.

चलनव्यवस्था या संघाहून वेगळी आहे. उदाहरणार्थ, बोट्स्वानाने १९७६ मध्ये पुला हे स्वतःचे चलन सुरू केले. आफ्रिका खंडीय मुक्त व्यापार क्षेत्राच्या (करार २०१८, अंमल २०१९) वाटाघाटींत साकूचे सदस्य जकात सवलतींचा एकच समाईक प्रस्ताव मांडतात.