दगडू, धोंडू आणि मृत्युदर

मागच्या महिन्यात मामा गेले. मामेभाऊ धुळ्याहून अस्थी घेऊन आला, मी नाशिकचाच म्हणून त्याच्यासोबत रामकुंडावर गेलो. विधी झाल्यावर गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि कापडात बांधलेली लांबडी चोपडी काढली. थोडी पानं उलटली आणि थेट आईच्या आजोबांचं नाव, त्याखाली त्यांची मुलं. धोंडू, दगडू आणि तिसरे केरू, म्हणजे आमचे आजोबा. आजोबांचं नाव माहीतच होतं, पण तिन्ही भाऊ असे ओळीने बघितल्यावर मामेभावाला हसू आलं.

संध्याकाळी आईला सांगितलं तर ती काही हसली नाही. तिच्या आजीला नऊ मुलं झाली, जगली चार. (चौथी मुलगी, म्हणून ती चोपडीत नाही, तो वेगळाच विषय.) पहिली दोन गेली की पुढच्याचं नाव असं ठेवायचं की यमाला वाटावं, हा दगड आहे, केर आहे, कशाला न्या याला.

आता हे सगळं आकड्यांत बघू. जन्मदर म्हणजे १००० लोकांमागे वर्षाला किती जन्म, मृत्युदर म्हणजे तसेच किती मृत्यू. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत भारताचा जन्मदर अंदाजे ४८ आणि मृत्युदर ४७ च्या आसपास होता. म्हणजे घरोघरी पाळणा सतत हलतोय पण लोकसंख्या जागच्या जागी, उलट त्या दशकात ती काही लाखांनी घटलीच, कारण १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. १९२१ नंतर मात्र एकाही जनगणनेत देशाची लोकसंख्या कमी झाली नाही, म्हणून अभ्यासक त्या वर्षाला मोठी दुभाजक रेषा मानतात. योगायोग बघा, त्याच १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि पुढची कित्येक वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

नाशिकच्या सीबीएसहून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाहून, रिक्षात बसलं की एखादे काका हमखास म्हणतात, लोकांनी पोरं वाढवली म्हणून लोकसंख्या वाढली. नाही हो काका. पोरं आधीपासूनच तेवढी होत होती, फरक एवढाच पडला की ती मरायची थांबली. साथींवर, दुष्काळावर थोडा ताबा आला, लसी आल्या, मलेरियावर डीडीटी आलं, देवीचा शेवटचा रुग्ण भारतात १९७५ ला सापडला. १९७१ पर्यंत मृत्युदर १५ वर आला, पण जन्मदर अजून ३७ वरच होता. मधली फट २२ ची, म्हणजे वर्षाला २.२ टक्के वाढ, आणि या वेगाने कुठलीही गोष्ट साधारण ३२ वर्षांत दुप्पट होते. झालंही तसंच, १९५१ ला ३६ कोटी, १९८१ ला ६८ कोटी.

मृत्युदर आधी पडतो, जन्मदर मागून पडतो, हा क्रम जवळपास सगळ्या देशांत दिसतो, त्याला लोकसंख्या संक्रमण म्हणतात. युरोपात याला शंभर वर्षांहून जास्त लागली. इराणमध्ये ऐंशीच्या दशकात बाईमागे ६ च्या वर मुलं होती आणि २००० च्या सुमारास ती २ वर आली, इतकं फास्ट!

पण जन्मदर उशिरा का पडतो? कारण लस एका दिवसात टोचता येते, विश्वास तसा टोचता येत नाही. ज्या बाईने शेजारपाजारची पोरं जाताना बघितलीत ती दोनवर कशी थांबेल, म्हातारपणी एक तरी उरायला पाहिजे ना. १९७१ ला भारतात १००० बाळांपैकी १२९ पहिल्या वाढदिवसाआधी जायची, २०२० ला हा आकडा २८ झाला, महाराष्ट्रात १६. जगतात हे दिसायला लागल्यावरच लोक थांबतात. मग मुली शाळेत जातात, लग्न उशिरा होतं, शेतात हात लावणारं पोरगं फी भरायला लावणारं पोरगं होतं. फक्त श्रीमंतीने होतं असंही नाही, बांगलादेश गरीब असतानाच सातच्या आसपासवरून दोनकडे आला.

लोकसंख्या टिकायला बाईमागे २.१ मुलं लागतात, दोन आईबापांच्या जागी आणि वरचं पॉइंट एक कारण मुलगे थोडे जास्त जन्मतात आणि काही मुली मोठ्या होण्याआधीच जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारत २.० वर होता, महाराष्ट्र १.७ वर, बिहार अजून ३ च्या आसपास. तरी लोकसंख्या लगेच घटणार नाही, कारण आधीच्या मोठ्या पिढीतल्या मुली आत्ता आई होतायत, प्रत्येकीला दोनच झाली तरी आया खूप आहेत. ब्रेक दाबल्यावरही एसटी थोडी पुढे जातेच, तसं.

आता एक गंमत. भारताचा मृत्युदर २०२० ला ६ होता. जपानचा आज १२ च्या वर, म्हणजे दुप्पट! मग जपानी लोक आपल्यापेक्षा आजारी का? उलट, त्यांचं सरासरी आयुष्य ८४ च्या आसपास आहे. पण तिथे म्हातारेच इतके आहेत की १००० लोकांमागे दरवर्षी जास्त जण जातात, २०२३ ला तिथे साधारण ७.३ लाख जन्म आणि १५.८ लाख मृत्यू झाले. आपला देश तरुण आहे म्हणून आपला आकडा छान दिसतो, आणि पुढच्या काही दशकांत तो वाढणारच, दवाखाने कितीही सुधारले तरी. तेव्हा मृत्युदर वाढल्याची बातमी आली तर आधी गेलेल्यांची वयं विचारायची. आमचे मामा ८१ व्या वर्षी गेले. चोपडीतले केरू, त्यांचे वडील, पन्नाशीही न गाठता गेले होते.