कार, खार, गार, घार

हे चार शब्द एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून बघा. चारही वेळा जिभेची मागची बाजू टाळूला त्याच जागी टेकते आणि सुटते. पुढचा ‘आर’ही तोच. तरी ऐकणाऱ्याला एकदा गाडी दिसते, एकदा झाडावरून सरसरत जाणारी खार, तर एकदा आभाळात घिरट्या घालणारी घार. फरक आहे तो घशातले स्वरतंतू कधी थरथरायला लागतात याचा. ‘ग’ म्हणताना जीभ सुटण्याआधीच थरथर सुरू झालेली असते, गळ्यावर बोट ठेवलंत तर हाताला लागेल. ‘क’ला ती जीभ सुटल्यावर लगेच सुरू होते. ‘ख’ला मध्ये श्वासाचा झोत घुसतो आणि थरथर सुरू व्हायला आणखी उशीर होतो. ‘घ’मध्ये थरथरही आधीपासून आणि झोतही. हा सगळा हिशेब काही मिलिसेकंदांचा. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

आता त्यातला एकच शब्द घ्या, ‘गार’, आणि तो तीन तऱ्हांनी म्हणा. पाण्यात पाय घालणाऱ्याला विचारल्यासारखा, ‘गार?’ त्याने सरळ उत्तर दिल्यासारखा, ‘गार.’ आणि पाय झटकन बाहेर काढत, ‘गाऽऽर!’ अक्षरं तीच, बदलला तो हेल. आणि हेल मिलिसेकंदांत मावत नाही, सूर चढतोय की उतरतोय हे कळायला अख्खा शब्द, कधी अख्खं वाक्य लागतं.

दोन्ही कामं एकाच आवाजावर, एकाच वेळी चालतात. मेंदूचे डावा आणि उजवा गोलार्ध ती कशी वाटून घेतात, हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे.

त्याची सुरुवात पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात झाली. १८६१ च्या एप्रिलमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाकडे एक रुग्ण आला, पायाला गँगरीन झालेला. एकवीस वर्षं तो तिथेच होता आणि काहीही विचारलं तरी ‘तां, तां’ एवढंच म्हणायचा. बोललेलं त्याला बरंचसं समजायचं, हातवारे करून तो उत्तरंही द्यायचा. फार चिडला की मात्र तोंडातून एक शिवी स्पष्ट निघायची! काही दिवसांतच तो वारला. शवविच्छेदनात मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा दिसली. असे आणखी रुग्ण पाहिल्यावर १८६५ मध्ये ब्रोकाने जाहीर केलं, की आपण डाव्या गोलार्धाने बोलतो. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके याने उलट्या तऱ्हेचे रुग्ण नोंदवले. ते घडाघडा बोलत, पण बोलण्यात अर्थ नसे आणि समोरच्याचं बोलणं त्यांना उमगत नसे. त्यांची इजाही डावीकडेच, फक्त थोडी मागे. ‘भाषा म्हणजे डावा मेंदू’ हे समीकरण इथून पक्कं झालं.

निरोगी माणसाचं डोकं न उघडता हे तपासायची एक साधी आणि मला फार आवडणारी युक्ती डोरीन किमुरा यांनी माँट्रियलमध्ये वापरली. त्यांचा निबंध १९६१ चा. माणसाला हेडफोन लावायचा आणि एकाच क्षणी एका कानात एक आकडा, दुसऱ्या कानात दुसरा आकडा सोडायचा. असे काही आकडे झाले की विचारायचं, काय काय ऐकलं? बहुतेक लोक उजव्या कानातले आकडे जास्त बरोबर सांगतात. प्रत्येक कानाची तार दोन्ही गोलार्धांपर्यंत जाते, पण विरुद्ध बाजूची तार जास्त जोरकस असते. म्हणजे उजव्या कानातला शब्द डाव्या गोलार्धात सरळ जातो, डाव्या कानातल्याला वळसा पडतो. पुढे किमुरांनी आकड्यांऐवजी सुरावटी ऐकवल्या, तेव्हा डावा कान पुढे गेला.

वळसा खरंच पडतो का, हे १९६८ मध्ये दिसलं. अपस्माराचे झटके थांबवण्यासाठी काही रुग्णांच्या दोन गोलार्धांना जोडणारा जाड पट्टा शस्त्रक्रियेने कापलेला होता. एकेका कानाने त्यांना नीट ऐकू यायचं. दोन्ही कानांत एकदम वेगवेगळे आकडे सोडले, की डाव्या कानातले आकडे जवळजवळ गायब! उजव्या गोलार्धातून डावीकडे न्यायचा पूलच उरला नव्हता. (मग फोन उजव्या कानाला लावावा का? काही फरक पडत नाही. स्पर्धा नसली की दोन्ही कान सारखेच चालतात.)

इथवर ‘कुठे’चं उत्तर मिळालं. ‘का’ हा प्रश्न त्याहून रंजक, आणि त्याचं एक उत्तर शुद्ध भौतिकशास्त्रातून येतं. समजा एका पुरुषाचा आवाज सेकंदाला १०० कंपनांचा आहे. एक कंपन म्हणजे १० मिलिसेकंद. तुम्ही आवाजाचे २५ मिलिसेकंदांचे तुकडे पाडलेत तर प्रत्येक तुकड्यात जेमतेम अडीच कंपनं येतात. ‘क’ कुठे संपला आणि ‘आ’ कुठे सुरू झाला हे त्यात झकास दिसेल, पण सूर नेमका कोणता हे अडीच कंपनांवरून सांगणं कठीण. तुकडे २०० मिलिसेकंदांचे करा, वीस कंपनं मिळतील आणि सूर स्वच्छ कळेल. मात्र ‘क’ आणि ‘ख’मधला फरक त्या लांब तुकड्यात विरघळून जाईल. एकाच चाळणीने दोन्ही साधत नाही. एक बारीक जाळीची लागते, एक मोठ्या भोकांची.

दोन गोलार्धांकडे अशा दोन चाळण्या आहेत, असं दोन संशोधकांनी थोड्या वेगळ्या भाषेत मांडलं. रॉबर्ट झॅटोरे आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये म्हटलं की डावीकडचा ऐकण्याचा भाग वेळेतले बारकावे टिपतो, उजवीकडचा सुरांतले. डेव्हिड पोपेल यांनी २००३ मध्ये थेट तुकड्यांची लांबीच सांगितली: डावीकडे कल सुमारे २० ते ४० मिलिसेकंदांच्या तुकड्यांकडे, उजवीकडे १५० ते २५० च्या. कल, बरं का. मक्तेदारी नव्हे.

२०२० मध्ये झॅटोरे यांच्याच गटाने यावर एक देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. दहा वाक्यं आणि दहा चाली घेऊन, प्रत्येक वाक्य प्रत्येक चालीत, अशी शंभर छोटी गाणी वाद्यांशिवाय गाऊन घेतली. मग ध्वनिमुद्रणं दोन प्रकारे बिघडवली. एका प्रकारात वेळेतले बारकावे पुसले, तेव्हा शब्द कळेनासे झाले आणि चाल शाबूत राहिली. दुसऱ्या प्रकारात सुरांतले बारकावे पुसले, तेव्हा चाल हरवली आणि शब्द मात्र नीट कळत राहिले. ऐकणाऱ्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये शब्दांचा माग डाव्या बाजूला लागला आणि वेळेची खूण पुसली की तो पुसट झाला. चालीचा माग उजवीकडे, आणि तो सुरांवर अवलंबून. गाणं एकच, पण ते मेंदूत दोन वाटांनी जात होतं.

इतकं नीटनेटकं चित्र दिसलं की मला थोडी शंका येते, आणि इथे ती रास्त आहे. थाई भाषेत सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो. नुसती चाळणीच महत्त्वाची असती, तर थाई सूर उजव्या गोलार्धाचे व्हायला हवेत. १९७३ मध्ये किमुरांचीच कानांची युक्ती वापरून पाहिलं, तर थाई बोलणाऱ्यांच्या बाबतीत या सुरांना उजवा कान, म्हणजे डावा गोलार्ध, पुढे होता. इंग्रजी बोलणाऱ्यांना तेच आवाज ऐकवले, तर असा कौल मिळाला नाही. म्हणजे आवाज कसा आहे एवढंच नव्हे, तर तो भाषेत कशासाठी वापरला जातो हेही मेंदू बघतो.

‘भाषा म्हणजे डावा मेंदू’ या जुन्या समीकरणाला धक्का दिला तो वाडा चाचणीने (वाडा हे ती शोधणाऱ्या डॉक्टरांचं आडनाव). शस्त्रक्रियेआधी एका बाजूच्या धमनीतून औषध देऊन एक गोलार्ध काही मिनिटं गुंगीत ठेवतात. डावा गुंगला की बहुतेकांचं बोलणं थांबतं. पण उच्चारलेल्या शब्दाचं योग्य चित्र बोटाने दाखवणं त्या अवस्थेतही बऱ्याच जणांना जमतं. शब्द ओळखणं उजवीकडेही होतं, वाचा मात्र प्रामुख्याने डावीकडची. आणि ‘बहुतेकांचं’ हा शब्दही सांभाळून घ्यायचा: याच चाचणीत उजव्या हाताने कामं करणाऱ्यांपैकी सुमारे ९६ टक्क्यांची वाचा डावीकडे सापडली, तर डावखुऱ्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांची.

उजव्या गोलार्धाला इजा झालेले रुग्ण म्हणूनच फसवे असतात. ते व्याकरणशुद्ध बोलतात, सगळं समजतं. पण त्यांचा आवाज सपाट होतो. एलियट रॉस यांनी १९८० च्या सुमारास अशा रुग्णांचं बारकाईने वर्णन केलं. काहींना समोरच्याच्या बोलण्यातला हेलही पकडता येत नाही. ‘वा, काय वेळेवर आलास!’ हे टोमणा म्हणून म्हटलेलं त्यांना कौतुक वाटू शकतं. घरच्यांना काहीतरी बिनसलंय हे जाणवतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही.

यातून ‘तुम्ही डाव्या मेंदूचे की उजव्या?’ छापाच्या चाचण्या कशा निघाल्या, देव जाणे. २०१३ मध्ये यूटा विद्यापीठात हजारावर लोकांचे स्कॅन तपासले, तेव्हा एकंदरीत डावीकडे किंवा उजवीकडे झुकलेला मेंदू घेऊन फिरणारी माणसं काही सापडली नाहीत.

आणि ही वाटणी जन्मतःच दगडावर कोरलेली नसते. चार ते तेरा वर्षांच्या मुलांना वाक्यं ऐकवून केलेल्या २०२० च्या अभ्यासात लहानग्यांचा उजवा गोलार्धही भाषेसाठी कामाला लागलेला दिसला. वय वाढलं तसा त्याचा वाटा कमी होत गेला. त्याच संशोधकांच्या गटाने पुढे जन्माच्या सुमारास डाव्या गोलार्धात पक्षाघात झालेली मुलं मोठी झाल्यावर तपासली. मोठ्या माणसाला तशी इजा झाली तर वाचा जाण्याची धास्ती. ही मुलं नीट बोलत होती, समोरच्याचं वाक्य समजून घेत होती, आणि स्कॅनमध्ये त्यांची भाषा उजवीकडे होती, डावीकडे जिथे असायची अगदी त्याच्याच समोरच्या जागी, जणू आरशात.