वेट ग्लव्हज की ड्राय ग्लव्हज? गार पाण्यात हात नक्की कशाने गरम राहतात

तारकर्ली किंवा अंदमानला स्कूबा शिकलेल्या माणसाला हातमोजे म्हणजे फारतर खरचटू नये म्हणून घालायची गोष्ट, कारण तिथे थंडीचा प्रश्नच येत नाही. तोच माणूस नोकरीसाठी इंग्लंडला आला आणि फेब्रुवारीत लेस्टरशायरच्या स्टोनी कोव्हमध्ये, म्हणजे पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत, उतरायला निघाला की दुकानात त्याच्यापुढे दोन प्रकार ठेवतात, वेट आणि ड्राय. बहुतेकांना वाटतं की वेट म्हणजे स्वस्तातले आणि ड्राय म्हणजे तेच पण भारीतले. तसं अजिबात नाहीये, दोघांची ऊब येते कुठून हेच मुळात वेगळं आहे.

वेट ग्लव्हज निओप्रीनचे, म्हणजे फोमसारख्या रबराचे. आत पाणी शिरतं, ते शिरणारच, म्हणून ग्लव्ह खराब आहे असं समजू नका. ते थोडंसं पाणी हाताच्या उबेने कोमट होतं, पण थंडी खरी अडवतात ते निओप्रीनमधले गॅसचे बारीक बारीक बुडबुडे. आता गंमत बघा, १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि हे बुडबुडे दाबले जातात, म्हणजे दुकानात ५ मिमीचा घेतलेला ग्लव्ह खाली गेल्यावर ५ मिमीचा राहतच नाही, आणि नेमकं जिथे पाणी जास्त गार तिथे तो पातळ झालेला असतो. मनगटाशी सैल असेल तर तर संपलंच, हात हलवला की गार पाणी आत आणि कोमट बाहेर. म्हणून जाडीपेक्षा फिटिंग बघा. बरेच जण थर्मासमधून नेलेलं कोमट पाणी उतरायच्या आधी ग्लव्हजमध्ये ओततात, सुरुवातीची ती बोटांतली कळ त्याने खरंच टळते.

ड्राय ग्लव्हजचं बाहेरचं रबर पातळ असतं, त्याला स्वतःची ऊब जवळजवळ नसते. ऊब असते आतल्या लोकरीच्या किंवा फ्लीसच्या मोज्यात आणि त्यात अडकलेल्या हवेत. ही हवा येते ड्रायसूटमधून, म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या, हवा भरलेल्या सूटमधून, ग्लव्ह सूटच्या बाहीला रिंगने जोडलेला असतो. त्यामुळे वेटसूटवर, म्हणजे आत पाणी शिरणाऱ्या सूटवर, घालायला म्हणून हे घेऊ नका, पैसे फुकट जातील.

आणि इथेच खरी मेख आहे. सूटला मनगटाशी जे घट्ट सील असतं ते तसंच ठेवलं तर सूटमधली हवा ग्लव्हमध्ये जात नाही, खाली गेलं की ग्लव्ह हाताला चिकटून आवळतो, आतली लोकर दबते आणि बोटं पुन्हा बधीर. म्हणून सीलखालून एक बारीक नळी किंवा दोरीचा तुकडा सरकवतात, मग हात जरा वर धरला की बोटांपर्यंत हवा येताना चक्क जाणवते. पण त्याच वाटेने, ग्लव्ह कुठे फाटला तर, पाणी बाहीत शिरतं. काही जण तर मनगटाचं सीलच ठेवत नाहीत, सोयीचं पडतं म्हणून. मला ते पटत नाही. वेट ग्लव्ह फाटला तर हात हळूहळू गारठतो, ड्राय फाटला तर एका झटक्यात ४ अंशाच्या पाण्यात भिजलेली लोकर हातावर, वर सूटमध्येही पाणी, आणि त्याच हाताने तुम्हाला हवा भरायचं, म्हणजे इन्फ्लेटरचं, बटण दाबायचं असतं.

मग कुठले घ्यायचे? आइसलंडच्या सिल्फ्रामध्ये, म्हणजे पाण्याने भरलेल्या जमिनीतल्या भेगेत, पाणी वर्षभर २ ते ४ अंश असतं, तरी तिथे ड्रायसूटसोबत सहसा वेट ग्लव्हजच देतात, आणि डाइव्ह छोटी असल्यामुळे निभावतं. आयुष्यात एकदा जायचं असेल तर ड्रायच्या भानगडीत पडू नका. पण हिवाळाभर इंग्लंडमध्ये डाइव्ह करणार असाल, दिवसाला दोन, तर ड्रायच घ्या. फरक पहिल्या डाइव्हला कमी आणि दुसऱ्याला जास्त कळतो, कारण मधल्या तासाभरात वेट ग्लव्हज काढले की ओल्या हातांना वारा झोंबतो आणि मग तेच गारढोण मोजे परत चढवायचे.

एक मात्र दोन्हीकडे सारखं. छाती-पोट गारठलं की शरीर हातांचा रक्तपुरवठा आवळतं, मग कितीही महाग ग्लव्ह घाला बोटं आखडणारच, तेव्हा आधी डोक्यावरचं हूड आणि सूटच्या आतले कपडे नीट करा. आणि हो, खिशात ठेवायच्या त्या हात शेकायच्या पुड्या ड्राय ग्लव्हजमध्ये घालू नका. त्यातलं लोखंड ऑक्सिजनशी संयोग पावून तापतं, सूटमध्ये नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेली हवा, भरत असाल तर नेहमीपेक्षा जास्त तापून कातडी भाजू शकते, आणि पाण्याखाली ग्लव्ह काढून ती फेकता येत नाही.

नवीन ड्राय ग्लव्हज आधी उथळ पाण्यात घालून बघा, मास्कमधलं पाणी काढणं, बोल्ट स्नॅप (सामान अडकवायची कडी) उघडणं, सूटचा व्हॉल्व्ह फिरवणं हे सगळं न बघता जमेपर्यंत खोल जाऊ नका.