फ्लोरिडाचा विमा कायदा : वादळागणिक बदलत गेलेला

फ्लोरिडात चक्रीवादळाने छप्पर उडालेल्या घरमालकाला भरपाई किती आणि कधी मिळणार, हे वॉशिंग्टन ठरवत नाही. राज्याची राजधानी टॅलाहासी ठरवते. आपल्याकडे देशभरासाठी आयआरडीएआय हा एकच विमा नियामक आहे, पण अमेरिकेत विमा हा राज्यांचा विषय. १९४४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विम्याला आंतरराज्य व्यापार ठरवले. तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, पुढच्याच वर्षी मॅककॅरन-फर्ग्युसन कायदा करून ही सूत्रे राज्यांच्या हाती ठेवली. त्यामुळे एकच वादळ दोन राज्यांतून गेले, तर सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या घरमालकांचे हक्क वेगळे असू शकतात.

फ्लोरिडाच्या कायद्याचा पाया मात्र त्याहून जुना आहे. १८९३ साली तिथल्या विधिमंडळाने नियम केला की विमा कंपनी विमाधारकाविरुद्ध खटला हरली, तर त्याच्या वकिलाची वाजवी फी कंपनीनेच भरायची. विमाधारक हरला तरी कंपनीच्या वकिलाचा खर्च त्याच्यावर पडत नसे. कंपनीकडे वकिलांची फौज असते आणि घरमालकाकडे मोडके घर, हे ओळखून केलेला हा नियम होता. १८९९ साली त्याला जोड मिळाली: विमा उतरवलेल्या कारणाने घर पूर्ण नष्ट झाले, तर पॉलिसीत लिहिलेली सगळी रक्कम द्यायची. हप्ते घेताना घराची किंमत मान्य करायची आणि पैसे देताना घासाघीस करायची, याला त्यामुळे आळा बसला.

जवळजवळ शतकभर ही व्यवस्था चालली. मग २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू वादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडच्या परिसरावर आदळले. विमा कंपन्यांवर सुमारे १५ अब्ज डॉलरचा बोजा पडला आणि अनेक छोट्या कंपन्यांचे दिवाळे निघाले. मोठ्या कंपन्या किनाऱ्यालगतच्या पॉलिसी कमी करू लागल्या, तेव्हा सरकारला त्या रद्द करण्यावर बंधने घालावी लागली. १९९३ साली राज्याने स्वतःचा चक्रीवादळ आपत्ती निधी उभारला. ज्यांना कोणी विमा देत नव्हते त्यांच्यासाठीच्या दोन सरकारी व्यवस्था २००२ साली एकत्र करून ‘सिटिझन्स’ हे महामंडळ झाले. त्याच वर्षी राज्यभर एकच बांधकाम संहिता लागू झाली. अँड्र्यूनंतरच्या सगळ्या बदलांत माझ्या मते हे काम सर्वांत मोलाचे.

घरमालकाच्या खिशाला लागलेली गोष्ट वेगळीच होती. चक्रीवादळाच्या दाव्यात आधी स्वतः सोसायची रक्कम, म्हणजे वजावट, पूर्वी काहीशे डॉलर असे, ती आता विम्याच्या रकमेच्या टक्क्यांत मोजली जाऊ लागली. तीन लाख डॉलरचा विमा आणि २ टक्के वजावट, म्हणजे पहिले ६,००० डॉलर घरमालकाचेच. २००४ साली चार्ली, फ्रान्सिस, इव्हान आणि जीन अशी चार वादळे सहा आठवड्यांत आली, तेव्हा काहींना हा भुर्दंड पुन्हा पुन्हा बसला. त्यावर विधिमंडळाने वर्षाला एकच वजावट असा नियम केला.

वारा की पाणी, हा वादही तेव्हाचाच. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरले जात नाही. त्यासाठी १९६८ पासूनची केंद्राची वेगळी योजना आहे आणि तिची मर्यादा घराच्या इमारतीसाठी २,५०,००० डॉलर. पण वाऱ्याने छप्पर गेले आणि समुद्राने भिंती पाडल्या, तर कोणी किती द्यायचे? २००४ साली एका अपील न्यायालयाने १८९९ च्या नियमावर बोट ठेवून वाऱ्याच्या विमा कंपनीने पूर्ण रक्कम द्यावी असा निकाल दिला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा बदलला. आता कंपनीवर केवळ वाऱ्याच्या वाट्याची जबाबदारी उरली.

त्यानंतरच्या दशकात गैरप्रकार वाढले, हे नाकारता येत नाही. छप्पर दुरुस्त करणारे ठेकेदार दारोदार फिरून घरमालकाची सही घेत, दाव्याचा हक्क स्वतःच्या नावावर करून घेत आणि थेट कंपनीवर खटले भरत. १८९३ चा फीचा नियम त्यांनाही मिळत असे. राज्याच्या विमा नियामकाच्या हिशोबानुसार २०१९ साली देशातल्या घरविम्याच्या दाव्यांपैकी सुमारे ८ टक्के दावे फ्लोरिडात होते, पण कंपन्यांवरच्या खटल्यांपैकी ७६ टक्के. कंपन्या बुडत होत्या आणि हप्ते चढत होते.

२८ सप्टेंबर २०२२ ला इयन वादळ आले. डिसेंबरात विशेष अधिवेशन बोलावून मालमत्ता विम्याच्या दाव्यांतून १८९३ चा नियम काढून टाकला गेला. हक्क ठेकेदाराच्या नावे करण्यालाही १ जानेवारी २०२३ पासूनच्या पॉलिसींत बंदी आली. त्या बदल्यात दावा मान्य की अमान्य हे सांगण्याची कंपनीची मुदत ९० दिवसांवरून ६० वर आली. ठेकेदारांच्या लबाडीला लगाम हवाच होता. पण त्यासाठी प्रामाणिक घरमालकाच्या हातचे सर्वांत जुने शस्त्र काढून घेणे मला अन्यायाचे वाटते. ठेकेदारांची वाट तर हक्क हस्तांतरणाच्या बंदीनेच बंद झाली होती. आता वीस हजार डॉलरच्या वादासाठी वकील करायचा, तर फी भरपाईतूनच जाते.

घरमालकाने दावा करायची मुदतही आक्रसत गेली. २०११ पूर्वी पाच वर्षे मिळत, मग वादळाच्या दाव्याला तीन, २०२१ पासून दोन आणि आता एक. नंतर सापडलेल्या जादा नुकसानीसाठी १८ महिने आहेत, पण मूळ दावा आधी केलेला असेल तरच. ही मोजणी वादळ किनाऱ्यावर आल्याच्या तारखेपासून सुरू होते, गळती दिसल्याच्या तारखेपासून नव्हे. छपराखाली मुरलेले पाणी छतावर उमटायला पुढचा पावसाळा लागला, तर दाव्याची मुदत तोवर संपलेली असू शकते.