खुर्चीत निजलेले स्नायू

टांझानियात हाडझा नावाचा एक छोटा समाज आहे. शिकार, कंदमुळं आणि मध यांवर यातली काही माणसं आजही जगतात आणि त्यांच्यात हृदयविकार क्वचितच आढळतो. संशोधकांनी त्यांच्या मांड्यांना हालचाल टिपणारी उपकरणं लावली आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रानावनात भटकणारी ही माणसं जागेपणी रोज सुमारे १० तास नुसती बसलेली किंवा विसावलेली असतात. दिवसभर संगणकासमोर बसणारा माणूसही साधारण तेवढाच बसतो.

मग फरक पडतो कुठे? उरलेल्या वेळात ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त चालतात, हे उघड आहे. पण संशोधकांनी बसण्याच्या पद्धतीकडेही लक्ष वेधलं. हाडझा लोक बराच वेळ उकिडवे किंवा गुडघे टेकून बसतात. तसं बसताना तोल सांभाळायला पायांचे स्नायू थोडंथोडं काम करतच राहतात. पाठ टेकायची सोय असलेल्या खुर्चीत तेच स्नायू जवळजवळ पूर्ण गप्प होतात. बैठ्या जगण्याच्या तोट्यांचं मूळ मोठ्या प्रमाणात या गप्प होण्यात असावं, असा संशोधकांचा तर्क आहे.

जेवणानंतर रक्तात उतरणाऱ्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. साखर स्नायूच्या पेशीत शिरायची, तर ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिनं पेशीच्या पोटातून निघून तिच्या पृष्ठभागावर यावी लागतात. हे काम इन्शुलिन करवून घेतं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की स्नायू आकुंचन पावला तरीही ही प्रथिनं वर येतात आणि त्यासाठी इन्शुलिनची गरज लागत नाही. इन्शुलिनला दाद न देणाऱ्या मधुमेही शरीरातही हा दुसरा मार्ग बऱ्यापैकी शाबूत असतो. खुर्चीत बसून आपण नेमका तोच बंद ठेवतो. रक्तातल्या चरबीचंही असंच आहे. ती स्नायूंनी उचलावी म्हणून लायपोप्रोटीन लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) लागतं. उंदरांच्या मागच्या पायांना काही तास काम करू दिलं नाही, तर तिथल्या स्नायूंत त्याची क्रियाशीलता झपाट्याने घसरते, असं प्रयोगांत दिसलं.

स्नायूंना जागं ठेवायला किती हालचाल पुरते? ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये वजन जास्त असलेल्या १९ मध्यमवयीन माणसांवर एक प्रयोग केला. गोड पेय प्यायल्यानंतर एक दिवस त्यांना पाच तास सलग बसवलं आणि दुसऱ्या एका दिवशी दर २० मिनिटांनी फक्त दोन मिनिटं रमतगमत चालवलं. जेवणोत्तर साखरेची वाढ सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाली. झपझप चालण्याच्या दिवशी ती ३० टक्क्यांनी कमी झाली, म्हणजे वेगाने पडलेला फरक तसा थोडाच. माणसं मोजकी होती, हे खरं. पण पुढच्या प्रयोगांतूनही दिशा तीच दिसत राहिली.

सकाळी तासभर घाम गाळणाऱ्यांना इथे प्रश्न पडेल: आमचं काय? जगभरातल्या १० लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये झालेल्या विश्लेषणातून बऱ्यापैकी दिलासा मिळतो. रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम तीव्रतेचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये आठ तासांहून जास्त बसण्यामुळे वाढणारा मृत्यूचा धोका दिसेनासा झाला. मेख एवढीच, की रोज तासाहून जास्त व्यायाम करणारे थोडेच. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची आहे, शिवाय दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. तीही अनेकांकडून पूर्ण होत नाही. आणि दहा हजार पावलांचा आकडा? तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला. वयस्क स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात साडेसात हजार पावलांच्या आसपास फायदा सपाट झालेला दिसला, त्यामुळे त्या गोल आकड्याचा धसका घेण्याचं कारण नाही.

उभं राहून काम करण्याच्या टेबलांबद्दल मात्र माझं मत फारसं बरं नाही. बसण्याच्या तुलनेत उभं राहिल्याने मिनिटाला जेमतेम ०.१५ किलोकॅलरी जास्त खर्च होते. सहा तास उभं राहिलं तरी हिशेब पन्नास-साठच्या घरात. स्थिर उभं राहणं हेही स्थिरच. पाय दुखतात, नसा फुगतात. पोटरीचा स्नायू आवळला की नसांमधलं रक्त वर ढकललं जातं, आणि त्यासाठी पाऊल उचलावं लागतं. त्यापेक्षा फोनवर बोलताना खोलीत येरझाऱ्या घालाव्यात, पाण्याचा तांब्या मुद्दाम लांब ठेवावा किंवा वरच्या मजल्यावर जाताना जिना दमदारपणे चढावा. ब्रिटनमधल्या, आपण व्यायाम करत नाही असं सांगणाऱ्या सुमारे २५ हजार लोकांच्या मनगटांवरच्या उपकरणांतल्या नोंदी २०२२ मध्ये तपासल्या गेल्या. दिवसात तीनेकदा, एक-दोन मिनिटं का होईना, धाप लागेल अशी हालचाल ज्यांच्या कामात आपसूक होत होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. मुळात धडधाकट माणसंच जास्त धावपळ करतात, ही शंका त्यात उरतेच.

दिवसभर चार भिंतींच्या आत राहण्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण घरातल्या घरात चालून तो फिटत नाही. चांगला उजेड वाटणाऱ्या खोलीत साधारण ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. ढगाळ दिवशीही बाहेर तो हजारोंत जातो. शरीराचं घड्याळ लावणाऱ्या डोळ्यांतल्या पेशींना हा फरक चांगलाच जाणवतो. सकाळी थोडा वेळ बाहेर गेलं तर रात्री झोप वेळेवर यायला मदत होते. आणि बंद खिडकीतून येणाऱ्या उन्हात बसून ‘ड’ जीवनसत्त्व मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारे अतिनील-ब किरण काच जवळपास सगळे अडवते.

वर्षानुवर्षं बसून काढलेल्यांसाठी अमेरिकेतल्या डॅलस शहरातला प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९६६ मध्ये पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले गेले. वजनं वाढली होती, चरबी दुप्पट झाली होती, तरी तीन दशकांची घट त्या तीन आठवड्यांपेक्षा कमीच भरली. मग सहा महिने त्यांना चालणं, धावणं, सायकल असा हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला. शेवटी आठवड्याला साडेचार तासांपर्यंत. वजनात फारसा फरक पडला नाही, पण पन्नाशीतल्या त्या पाचही जणांची क्षमता सरासरीने वयाच्या विसाव्या वर्षी, झोपवून ठेवण्याआधी होती तिथे परत पोचली.