किडनी प्रिंट करून मिळते का? थ्रीडी इम्प्लांटबद्दल ग्राहकांसाठी माहिती

चौकशीच्या फोनवर हा प्रश्न हमखास येतो, म्हणून उत्तर आधीच देतो: नाही. आमच्याकडे नाही आणि जगात कुठेही नाही.

आम्ही रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून कवटी आणि जबड्यासाठी टायटॅनियमचे किंवा ‘पीक’ या वैद्यकीय प्लास्टिकचे इम्प्लांट बनवतो. अपघातात किंवा ऑपरेशनमध्ये हाड गेले, की ती जागा नेमक्या मापाने भरून काढायला ते लागते. त्यात जिवंत काहीही नसते.

बायोप्रिंटिंगचे काम निराळे. तिथे जिवंत पेशी मिसळलेले जिलेटिन, कोलॅजन किंवा अल्जिनेटचे जेल बारीक नळीतून, मेंदीच्या कोनातून रेघ ओढावी तसे, थरावर थर ओढत जातात. छापून झालेला तुकडा लगेच बसवता येत नाही. इनक्युबेटरमध्ये ३७ अंश सेल्सिअसला पेशी जगवाव्या, वाढवाव्या लागतात. घोडे अडते ते रक्तपुरवठ्यापाशी. रक्तवाहिनीपासून साधारण ०.२ मिलिमीटरहून लांब पडलेल्या पेशीला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. किडनीसारख्या जाड अवयवात तेवढ्या बारीक वाहिन्यांचे जाळे विणणे अजून कुणाला साधलेले नाही.

म्हणून पातळ किंवा कमी रक्तावर भागणाऱ्या ऊतींत प्रगती आधी झाली. २०२२ मध्ये अमेरिकेत एका तरुणीला तिच्याच कूर्चेच्या पेशींपासून छापलेला बाह्यकर्ण बसवल्याचे जाहीर झाले. २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये एका महिलेला दात्याच्या पेशी वापरून छापलेल्या श्वासनलिकेचे रोपण झाले. दोन्ही गोष्टी चाचणीच्या पातळीवरच्या. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने आयआयटी आणि सीसीएमबी या पेशीजीवशास्त्राच्या संशोधन केंद्राच्या मदतीने छापलेला कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) २०२२ मध्ये सशाच्या डोळ्यात बसवला. २०१९ मध्ये गाजलेले, इस्रायलमधल्या तेल अवीवला छापलेले ‘हृदय’ सशाच्या हृदयाएवढे होते, आणि त्याच्या पेशी आकुंचन पावत असल्या तरी ते रक्त ढकलू शकत नव्हते. फोटो मात्र देखणा होता!

छापलेल्या ऊतींचा रोजचा उपयोग सध्या प्रयोगशाळेत आहे, नवी औषधे तपासायला.

तेव्हा ‘प्रिंटेड किडनी’साठी कुणी आगाऊ रक्कम मागितली तर देऊ नका. मेंदूमृत दात्याची किडनी हवी असेल, तर प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या रुग्णालयामार्फत झेडटीसीसीच्या (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या) प्रतीक्षायादीत नाव नोंदवावे लागते.

कवटी-जबड्याच्या इम्प्लांटसाठी आमच्याकडे येताना सर्जनची चिठ्ठी आणि सीटी स्कॅनची सीडी आणा. नुसत्या फिल्मवरून माप काढता येत नाही. स्कॅन करतानाच स्लाइस (स्कॅनचा एकेक काप) १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ ठेवायला सांगा. ५ मिलिमीटरच्या स्कॅनवरून बनवलेली कड नीट बसत नाही आणि स्कॅनचा खर्च दुसऱ्यांदा पडतो.